आधी माल रुळावर आणा

कोल्हापुरात रेल्वेचा विषय निघाला की बोलणं दोन मिनिटांत वंदे भारतवर येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे–कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली, तीही आठवड्यातून तीन दिवस. ती रोज करा, मुंबईपर्यंत न्या, मुंबईला रात्रीची आणखी एक गाडी द्या, अशी निवेदनं सारखी निघतात. मागण्या रास्त आहेत आणि त्यांतल्या काहींवर माझीही सही आहे. पण रस्ता आणि रेल्वे यांतलं कोण आपल्या हवेला, पाण्याला, जमिनीला किती महाग पडतं, याचा हिशेब मध्यंतरी मी कागदावर मांडायला घेतला आणि माझं मत बदललं. कोल्हापूरनं रेल्वेकडे सगळ्यात आधी मागायला हवी ती मालगाडी. प्रवासी गाडीचं नंतर बघू.

हे लिहिताना डोळ्यांसमोर शाहूपुरी येते. मी तिथंच वाढलो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शंटिंगचे आवाज यायचे, वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, एकमेकींना धडकल्याचा तो लांबत जाणारा खडखडाट अजून कानात आहे. मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली, ती कोल्हापूर संस्थानच्या खर्चानं. त्यानंतर चार वर्षांनी शाहू महाराजांनी स्टेशनच्या अंगाला शाहूपुरीची पेठ बसवली आणि कोल्हापुरी गुळाचे रवे दूरदूरच्या बाजारात जाऊ लागले. १९१७ मध्ये त्यांनी जयसिंगपूर वसवलं, तेही याच रुळांच्या काठी. आजही मिरजेकडून येताना कोल्हापूरच्या अलीकडे लागणाऱ्या छोट्या स्टेशनाचं नाव ‘गूळ मार्केट’ आहे. पेठ कुठं बसवायची हे ठरवताना तेव्हा आधी रूळ बघितले जात. आमच्या पिढीत शिरोलीपासून कागलपर्यंत जे जे उभं राहिलं, त्याचं तोंड महामार्गाकडे आहे. एवढ्या एका फरकातून पुढचं बरंच काही घडलं.

रेल्वेला कमी ऊर्जा का लागते, हे समजायला फार मोठं शास्त्र लागत नाही. सपाट रुळावरून एक टन वजन हलतं ठेवायला एक ते दोन किलोचा जोर पुरतो. तेच वजन रबरी टायरवरून डांबरी रस्त्यानं न्यायला सहा ते आठ किलोचा जोर लागतो. टायर प्रत्येक फेऱ्यात खाली चेपतो, पुन्हा फुगतो, त्यात तापतो, आणि डिझेलची कमाई त्या उष्णतेत निघून जाते. लांबच्या फेरीहून आलेल्या ट्रकच्या टायरला ज्यानं हात लावून बघितलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको. झिजलेल्या रबराचा आणि ब्रेकच्या लायनिंगचा भुगा रस्त्यावरच राहतो. उन्हाळ्यात तो धुळीबरोबर नाकात जातो, पावसाळ्यात गटारातून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत. धूर निदान दिसतो, हा भुगा दिसतही नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला, तेव्हा हवेची मर्यादा सतत ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचं नाव होतं. रंकाळ्यावरच्या वाऱ्याचं कौतुक ऐकत मोठा झालेल्या माणसाला ती बातमी वाचताना वाईट वाटलं होतं.

आता आकड्यांकडे येतो. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या हिशेबात एक टन माल एक किलोमीटर नेताना रेल्वे साधारण २४ ग्रॅम आणि ट्रक १३७ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडतो. पण युरोपचा आकडा उचलून कोल्हापूरला लावणं मला पटत नाही. तिथले ट्रक वेगळे, वीज वेगळी, भाडं भरण्याची पद्धत वेगळी. म्हणून आपलाच एक ढोबळ हिशेब करू. कोल्हापूर–मुंबई रस्त्यानं सुमारे ३८० किलोमीटर. वीस टन माल भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं, तर ९५ लिटर डिझेल लागतं. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. म्हणजे फेरीला २५५ किलो, आणि टनामागे जवळजवळ तेरा किलो. हे झालं परतीचं भाडं मिळालं तर. ट्रक रिकामा आला तर तो बोजाही त्याच मालावर पडतो आणि टनाचा आकडा विसाच्या आसपास जातो (रिकाम्या ट्रकला डिझेल बरंच कमी लागतं, म्हणून दुप्पट होत नाही). परतीचं भाडं मिळवण्यासाठी आपले ट्रकवाले चार-चार दिवस कुठल्या तरी ट्रान्सपोर्ट नगरात मुक्काम का करतात, ते यावरून कळेल.

मालगाडीचं काय? पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गाचं विद्युतीकरण झालं आहे, म्हणजे इंजिन विजेवर चालतं. ही वीज स्वच्छ नाही. आपल्याकडे वीज मुख्यतः कोळशापासून होते आणि एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. रेल्वेला धूर नाही असं म्हणणारे लोक तो धूर चंद्रपूरला ठेवून येतात. तो सगळा धरला, वाघिणी परतताना रिकाम्या येतात हेही धरलं, तरी माझ्या हिशेबानं मालगाडीचा आकडा टन-किलोमीटरला बारा ग्रॅमच्या पुढे फारसा जात नाही.

यात एक गोष्ट मात्र कोल्हापूरकरानं मान्य करायलाच हवी. आपली रेल्वे वळशाची आहे. पुण्याहून रस्ता येतो २३० किलोमीटर, तर रूळ येतात ३२६. जेजुरी, नीरा करत, सातारा-कराड गाठत, आधी मिरजेला जायचं आणि तिथून मागे पश्चिमेला कोल्हापूर. मुंबईपर्यंत हे अंतर ५१८ किलोमीटर होतं. टन-किलोमीटरचे आकडे समोरासमोर ठेवून रेल्वे ट्रकच्या पाचपट-सहापट चांगली म्हणणारे हा वळसा विसरतात. तो धरला की एक टन मालाचा मुंबईपर्यंतचा रेल्वेचा आकडा सव्वासहा किलोवर जातो. कारखान्यापासून मालधक्क्यापर्यंत आणि तिकडे धक्क्यापासून गोदामापर्यंत टेम्पो लागणार, त्याचे एक-दोन किलो आणखी. म्हणजे आठ. तिकडे ट्रकचे तेरा ते वीस. वळसा, कोळसा, टेम्पो सगळं पदरात घेऊनही रेल्वे जिंकते. हैदराबाद, नागपूर, कोलकाता अशा लांबच्या पल्ल्याला तर टेम्पोचा वाटा नगण्य होतो आणि फरक आणखी वाढतो.

हाच हिशेब मी प्रवाशांसाठी केला आणि थबकलो. कोल्हापूर–पुणे एस. टी. बस लिटरला साडेचार किलोमीटर देते असं समजा. ५१ लिटर डिझेल, १३७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड, प्रवासी चाळीस. माणशी साडेतीन किलोही नाही. भरलेल्या एक्सप्रेस गाडीचा, कोळशाची वीज आणि ३२६ किलोमीटरचा वळसा धरून, माणशी आकडा येतो चार किलोच्या आसपास. म्हणजे आपली लाल बस या मार्गावर रेल्वेच्या तोडीस तोड आहे. उद्या सौरऊर्जेचा वाटा वाढला की रेल्वेचा आकडा खाली येईल हे खरं, पण आज तरी कुणी एस. टी.नं पुण्याला गेला म्हणून पर्यावरणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते मोटारीनं. एकटा माणूस लिटरला पंधरा देणारी पेट्रोलची गाडी घेऊन पुण्याला गेला की ३५ किलो. दोघं असले तरी प्रत्येकी सतरा-अठरा.

म्हणून ‘रस्ता की रेल्वे’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. रस्त्यावर एस. टी.ही चालते, वडापची जीपही चालते, दुधाचा टँकरही चालतो. भुदरगड-आजऱ्याच्या वाड्यावस्त्यांवर रूळ कधी जाणार नाहीत, जाऊही नयेत. रोज रात्री दुधाचे टँकर मुंबईकडे निघतात, त्यांना वेळ गाठायची असते, तेही रस्त्यावरच राहतील. रस्त्यावरून उचलता येण्याजोगी आणि उचलली तर खरोखर फरक पडेल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लांब पल्ल्याचा जड माल. साखर, कोक, पिग आयर्न, फाउंड्रीची वाळू, सिमेंट, खत, सूत, तयार कास्टिंग.

मग हा माल रुळावर का जात नाही? शिरोलीतल्या एका लहान फाउंड्रीवाल्या मित्राला मी हेच विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं. त्याचा माल आठवड्याला दहा-बारा टन. रेल्वे म्हणते पूर्ण रेक भर. बंद वाघिणींचा एक रेक म्हणजे बेचाळीस वाघिणी, सुमारे २६०० टन. एकट्यानं भरायला त्याला चार-पाच वर्षं लागतील. ट्रकवाला मात्र फोन केला की संध्याकाळी दारात येतो, रात्री निघतो, आणि माल कुठंवर पोहोचला ते ड्रायव्हर मोबाइलवर सांगतो. रेल्वेत वाघीण लागणार कधी, सुटणार कधी, मधल्या यार्डात किती थांबणार, याचा भरवसा नाही. वर दोन्हीकडची चढउतार, हमाली, वाराई. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला चार पंचमांशाहून जास्त माल रेल्वेनं जायचा. आज तो पाव हिश्शाच्या आसपास आला आहे आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेनं २०३० पर्यंत ४५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. पण माझ्या मित्राच्या दहा टनांना गाडीत जागा मिळाल्याशिवाय ते उद्दिष्ट कोल्हापूरला लागू होत नाही. कोळसा आणि लोहखनिज यांचे रेक भरून टक्केवारी वाढवता येईल, पण त्यानं शिरोलीच्या पुलावरचा एकही ट्रक कमी होणार नाही.

यावर उपाय माहीत नाहीत असं नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सुटणारी कंटेनरची मालगाडी, जिच्यात शंभर कारखानदारांचे शंभर डबे चढतील. कोकण रेल्वेनं १९९९ पासून भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्याकडे न्यायला सुरुवात केली. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये झोपतो, घाट आणि डिझेल दोन्ही वाचतं. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली आणि तिच्यात शेतकऱ्याला थोडा माल चढवायचीही सोय होती. म्हणजे रेल्वेनं मनावर घेतलं की पूर्ण रेकचा आग्रह सुटतो. आपल्याकडे तर गुळापासून कास्टिंगपर्यंत बारमाही माल आहे.

कार्बनच्या पलीकडचं बोलायचं तर जमीन आणि पाणी, आणि तिथं माझा जीव जास्त तुटतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ज्यांनी कोल्हापुरात काढलं, त्यांना राजाराम बंधाऱ्याचे आकडे पाठ आहेत. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या. २०१९ ला तर शहरात पेट्रोल, दूध, गॅस सगळ्याची ओढाताण झाली. त्या दिवसांत मी पंचगंगेचा फुगवटा बघायला गेलो होतो. महामार्गाचा मातीचा भराव पूरक्षेत्रात आडवा पसरला आहे आणि पाणी त्याला टेकून उभं आहे, हे ज्यांनी बघितलं त्यांना नकाशा काढून दाखवायची गरज नाही. सातारा–कागल सहापदरीकरणाच्या कामात हा भराव आणखी उंच करू नका, इथं पिलरचा पूल बांधा, ही गावकऱ्यांची मागणी त्या अनुभवातून आली. या एका रस्त्याचं माझ्याच हयातीत दोन पदराचं चार आणि चाराचं सहा झालं. प्रत्येक वेळी आता गर्दी सुटेल असं सांगितलं गेलं. प्रत्येक वेळी रुंद रस्त्यानं नवी वाहनं बोलावून घेतली.

रेल्वेनंही पुरात हात टेकले, हे लपवायचं कारण नाही. दोन्ही महापुरांत मिरज–कोल्हापूर गाड्या बंद होत्या, रुकडीच्या पुलापाशी पाणी होतं. रुळांनाही भराव लागतो, खडी लागते, आणि खडी कुठल्या तरी डोंगराच्याच पोटातून निघते. पण दुहेरी मार्गाची पट्टी सहापदरी महामार्गापेक्षा कितीतरी अरुंद असते आणि वर्षाला तितकाच, किंबहुना जास्त माल वाहू शकते. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाला आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणणारे मला भेटले. सुमारे आठशे किलोमीटरचा तो रस्ता बारमाही पाण्याच्या काळ्या जमिनीतून जाणार. अशी जमीन एकदा डांबराखाली गेली की पुन्हा उसाला, भाताला, कशालाच उपयोगी येत नाही. ज्या जिल्ह्यातून रत्नागिरी–नागपूर महामार्ग आधीच जातो, त्याला हा आणखी एक रस्ता कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आता सगळ्यात अवघड जागा. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झालेला, सुमारे १०७ किलोमीटरचा हा मार्ग अजून कागदावरच आहे. तो झाला तर कोल्हापूर शेवटचं स्टेशन राहणार नाही, कोकण रेल्वेला आणि किनाऱ्यावरच्या बंदरांना जोडलं जाईल. मी या मार्गाच्या बाजूनं आहे, पण डोळे मिटून नाही. गगनबावड्याचा तो सगळा टापू सह्याद्रीच्या कण्यावर आहे. उत्तरेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, दक्षिणेला राधानगरीचं गव्यांचं अभयारण्य, आणि मधून जनावरांची जाण्या-येण्याची वाट. रेल्वेला चढ सोसत नाही. ज्या गुळगुळीतपणामुळं पोलादी चाक कमी ऊर्जेत पळतं, त्यामुळंच ते चढावर घसरतं. बोरघाटात सदतीसला एक असा चढ आहे, तर तिथं मागून जादा इंजिनं लावावी लागतात. म्हणजे गगनबावड्याला लांब बोगदे आलेच. ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेत ९१ बोगदे आहेत आणि त्या कामाच्या वेळी डोंगर उकरल्याच्या, पुढं दरडी कोसळल्याच्या खुणा कोकणानं सोसल्या आहेत.

तरीही मी बाजूनं का? कारण तुलना ‘रेल्वे की अबाधित जंगल’ अशी होतच नाही. आपल्या बाजूनं कोकणात उतरायला आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा आणि आंबोली असे सहा मुख्य घाट आहेत. माल ट्रकनंच जाणार असेल, तर आज करूळ, उद्या आंबा, परवा फोंडा असं एकेक करून प्रत्येक घाट रुंद होणार. सहा ठिकाणी डोंगर कापला जाणार, सहा ठिकाणी रात्रभर हेडलाइटचे झोत जंगलात शिरणार, सहा ठिकाणी गवे रस्त्यात मरणार. त्यापेक्षा एकाच जागी, जमिनीच्या पोटातून, नीट अभ्यास करून नेलेला बोगदा मला परवडेल. पण माझी अट आहे. रेल्वे देताना घाटरस्त्यांचं रुंदीकरण थांबवल्याचं लेखी द्या. रेल्वेही आली आणि सहा घाटही रुंद झाले, तर जंगलाचं दुहेरी नुकसान होईल, आणि तशी रेल्वे मला नको.

या सगळ्यात ट्रकवाल्यांचं काय होणार, हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. माझे मामा बावीस वर्षं कोल्हापूर–चेन्नई लाइनला गाडी चालवत होते. आम्ही शाळेत असताना ते महिन्यातून तीन-चार दिवस घरी दिसायचे. पन्नाशीत कंबर गेली, झोप गेली. त्यांची मुलं या धंद्यात उतरली नाहीत, आणि आज लॉरी मालक भेटले की पहिली तक्रार असते ती ड्रायव्हर मिळत नसल्याची. माल रुळावर गेला म्हणून ट्रक बंद पडत नाहीत. कारखाना ते मालधक्का आणि मालधक्का ते गोदाम, ही फेरी त्यांचीच. पन्नास किलोमीटरच्या फेऱ्या, रात्री घरी जेवण. ज्यांनी कर्ज काढून सोळा चाकी गाड्या घेतल्यात त्यांना फटका बसेल, हे मी नाकारत नाही. कंटेनर वाहतुकीचं कंत्राट देताना जिल्ह्यातल्या लॉरी मालकांच्या सहकारी संस्थांना पहिला हक्क मिळाला पाहिजे. सहकार कसा उभा करायचा हे या जिल्ह्याला बाहेरून कुणी येऊन शिकवायला नको.

चिकाटीही शिकवायला नको. टोलच्या विरोधात हे शहर वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी आणि नागरिकांनी काही दशकं लढा दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. मालगाडीसाठी अजून एक साधा मोर्चाही निघालेला नाही, कारण मालगाडीत आपण कुणी बसत नाही.

पुढच्या वेळी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आला, तर वंदे भारत मी खाली तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर नेईन. पहिल्या क्रमांकावर शहराबाहेर, रुकडी-हातकणंगलेच्या बाजूला, पूररेषा बघून बांधलेला कंटेनरचा मालधक्का मागेन. दुसऱ्या क्रमांकावर आठवड्यातून दोन वार ठरवून सुटणारी गाडी, जिच्यात दहा टनवाल्यालाही डबा मिळेल. आणि त्या निवेदनावर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखानदारांच्या सह्यांबरोबर शिरोलीच्या पूरग्रस्त शेतकऱ्याची सही घेईन, शाहूपुरीतल्या हमालाची घेईन, आणि मामांचीही घेईन.